हृदयाच्या धडधडीमागचं रसायन आणि डॉ. भालचंद्र बाबाजी दीक्षित



दहावीच्या सराव परीक्षेचा दिवस होता. पेपर वाटायला पाच मिनिटं उरली असताना एक मुलगी छातीवर हात ठेवून माझ्याकडे आली. हृदय फार जोरात धडधडतंय, मला काही होणार तर नाही ना, असं तिचं म्हणणं. मी नेहमीचं उत्तर दिलं. काही होत नाही, घाबरू नकोस, जागेवर जाऊन बस. ती बसली, पेपरही लिहिला. पण घरी आल्यावर मलाच चुकल्यासारखं वाटत राहिलं. मी विज्ञान शिकवते. हृदयाचे चार कप्पे फळ्यावर काढून दाखवते. आणि ज्या क्षणी एका मुलीला तिच्या स्वतःच्या हृदयाबद्दल प्रश्न पडला, त्या क्षणी मी तिला गप्प केलं.

तिचा प्रश्न खरं तर फार चांगला होता. ती धावलेली नव्हती, जिना चढलेली नव्हती. भीती होती ती डोक्यात. मग छातीतल्या हृदयाला ती कळली कशी?

या प्रश्नाशी नातं असलेलं संशोधन नव्वद वर्षांपूर्वी एका मराठी शास्त्रज्ञाने केलं होतं. दिल्लीचं एम्स आपल्या सगळ्यांना माहीत असतं. वाकड-हिंजवडी भागातल्या कितीतरी घरांत नीटची तयारी चालते आणि त्या मुलांच्या तोंडी एम्सचंच नाव असतं. पण एम्सचे पहिले संचालक अमरावतीत जन्मलेले डॉ. भालचंद्र बाबाजी दीक्षित होते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आजचा पाठ त्यांच्यावर, आणि त्यांच्या निमित्ताने हृदयावर.

वऱ्हाडातून प्रयोगशाळेकडे

दीक्षितांचा जन्म १९०२ सालचा, अमरावतीचा. त्या काळी वऱ्हाडातल्या मुलाला डॉक्टरीची पदवी घ्यायची तर घर सोडून लांब जावंच लागे. नागपूरला वैद्यकीय महाविद्यालय निघालं ते १९४७ मध्ये, यावरून अंदाज करा. डॉक्टर झालेला तरुण गावात दवाखाना टाकतो, ही तेव्हाची रीत. दीक्षितांनी मात्र संशोधनाची वाट धरली. औषध शरीरात गेल्यावर नेमकं काय करतं, हा त्यांचा विषय झाला. आपण त्याला औषधशास्त्र म्हणतो. त्याच्या शेजारचा विषय शरीरक्रियाशास्त्र. या दोन्ही विषयांत ते आयुष्यभर रमले.

भारतीय औषधी वनस्पतींचा आधुनिक पद्धतीने अभ्यास करणारे डॉ. रामनाथ चोप्रा तेव्हा कलकत्त्यात काम करत होते. दारुहळदीत बर्बेरीन नावाचा पिवळा कडू पदार्थ असतो. त्याच्या औषधी गुणांवरचा चोप्रा, दीक्षित आणि चौहान यांचा निबंध १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. आजीबाईच्या बटव्यातली वस्तू प्रयोगशाळेच्या टेबलावर आणून तपासायची, असं हे काम.

त्यानंतर दीक्षित स्कॉटलंडमधल्या एडिंबरा विद्यापीठात गेले. तिथे औषधशास्त्राचे प्राध्यापक होते ए. जे. क्लार्क.

दोन बेडकांची हृदयं

क्लार्क यांच्याकडे जाण्याचं महत्त्व कळायला थोडं मागे जावं लागेल.

१९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी एक साधा पण विलक्षण प्रयोग केला. बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढलं तरी खारट द्रवात ते काही काळ ठोके देत राहतं. लोवींनी अशी दोन हृदयं घेतली. एकाला व्हेगस नावाची मज्जातंतू जोडलेलीच ठेवली. ती विजेने चेतवली, तेव्हा त्या हृदयाचे ठोके मंदावले. मग त्या हृदयाभोवतीचा द्रव घेऊन दुसऱ्या हृदयावर सोडला. दुसऱ्या हृदयाला मज्जातंतू नव्हतीच, तरी तेही मंदावलं! म्हणजे मज्जातंतूने हृदयाकडे पाठवलेला निरोप एका रसायनाच्या रूपात होता. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. या विषयावरच्या कामासाठी लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

क्लार्क यांनी पुढचा प्रश्न विचारला. हे रसायन किती लागतं? बेडकाच्या हृदयावर मोजमाप करून १९२६ मध्ये त्यांनी दाखवलं, की परिणाम घडवणारे रेणू पेशीच्या पृष्ठभागाचा अगदी नगण्य भाग व्यापतात. सगळी पेशी रसायनाने माखावी लागत नाही. पेशीवर ठरावीक जागा असाव्यात आणि तिथेच हे रेणू बसत असावेत. कुलपाला किल्ली बसते तसं. आज या जागांना आपण ग्राही म्हणतो.

अशा माणसाच्या विभागात दीक्षित दाखल झाले. तिथे त्यांनी काय केलं ते सांगण्याआधी आपण हृदयाच्या पेशीत डोकावून येऊ. यातली बरीचशी माहिती दीक्षितांच्या तरुणपणी कुणालाच नव्हती. पण ती समजली की त्यांच्या प्रश्नाचं मोल जास्त कळतं.

हृदय आकुंचन पावतं, म्हणजे काय होतं?

आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीत पाण्याची व्यवस्था कशी असते ते आठवा. गच्चीवर टाकी. कॉक उघडला की पाणी खाली येतं. मग मोटर लावून पाणी पुन्हा वर चढवायचं. मोटरला वीज लागते.

हृदयाच्या स्नायूपेशीतही अशी एक टाकी असते. तिच्यात पाण्याऐवजी कॅल्शिअम साठवलेलं असतं. हो, दुधात आणि नाचणीत असतं तेच. प्रत्येक ठोक्याला क्रमाने असं घडतं :

१. हृदयाच्या उजव्या कर्णिकेत एक छोटा पेशीसमूह असतो. तो स्वतःहून विद्युत संकेत तयार करतो. हा संकेत सगळ्या हृदयभर पसरतो.

२. संकेत पोचला की पेशीच्या आवरणातली सूक्ष्म दारं उघडतात आणि बाहेरचं थोडंसं कॅल्शिअम आत येतं.

३. हे थोडंसं कॅल्शिअम टाकीचा कॉक उघडतं. मग टाकीतलं पुष्कळ कॅल्शिअम पेशीत सुटतं. थोड्याने पुष्कळाला बोलवायचं, अशी ही युक्ती आहे.

४. पेशीत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे एकमेकांशेजारी रचलेले असतात. मायोसिनला बारीक डोकी असतात. ॲक्टिनला धरून ओढणं हे त्यांचं काम. पण एरवी धरायची जागा ट्रोपोमायोसिन नावाच्या दोरीसारख्या प्रथिनाने झाकलेली असते. ही दोरी जागेवर ठेवणारं प्रथिन म्हणजे ट्रोपोनिन.

५. कॅल्शिअम येऊन ट्रोपोनिनला चिकटतं. ट्रोपोनिनचा आकार बदलतो, दोरी बाजूला सरकते, धरायची जागा मोकळी होते. मायोसिनची डोकी ॲक्टिनला धरून ओढतात, सोडतात, पुढे धरतात, पुन्हा ओढतात. विहिरीतून पोहरा शेंदताना आपण दोर हातोहात ओढतो ना, अगदी तसं. धागे स्वतः आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. पेशी आखूड होते, आणि अशा सगळ्या पेशी मिळून हृदय आवळतं.

६. मग मोटर सुरू होते. कॅल्शिअम पुन्हा टाकीत चढवलं जातं, काही पेशीबाहेर टाकलं जातं. दोरी जागेवर येते, हृदय सैल पडतं आणि रक्ताने भरतं.

इथे वीज म्हणजे एटीपी हा रेणू. ओढायला एटीपी लागतो. पकड सोडायला एटीपी लागतो. कॅल्शिअम परत चढवायलाही एटीपीच लागतो. म्हणजे हृदयाला विश्रांती घ्यायलासुद्धा शक्ती खर्च करावी लागते! हे वाक्य मी वर्गात सांगते तेव्हा मुलं हमखास मान वर करतात.

मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला सुमारे एक लाख वेळा हा सगळा खेळ होतो.

हे ज्ञान एका दिवसात हाती आलेलं नाही. हृदयाच्या ठोक्याला कॅल्शिअम लागतं हे सिडनी रिंगर यांनी १८८३ मध्ये दाखवलं. धागे सरकतात ही कल्पना १९५४ मध्ये पुढे आली. ट्रोपोनिन जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी १९६०च्या दशकात शोधलं.

एक्सलेटर आणि ब्रेक

आता गंमत बघा. हाताने पिशवी उचलताना वजन जास्त असेल तर आपण स्नायूतले जास्त धागे कामाला लावतो. हृदयाला ही सोय नाही. प्रत्येक ठोक्याला त्याची प्रत्येक पेशी कामाला लागलेलीच असते, राखीव माणूस कुणी नाही. मग जोर वाढवायचा कसा? याचं एक मोठं उत्तर म्हणजे कॅल्शिअम. शांत बसलेले असताना सगळ्या ट्रोपोनिनना कॅल्शिअम मिळत नाही, म्हणून जोर शिल्लक असतो. जास्त कॅल्शिअम सुटलं की जास्त डोक्यांना ओढायला जागा मिळते.

हे प्रमाण वाढवायचा निरोप ॲड्रेनालीन आणि त्याचं भावंड नॉरॲड्रेनालीन आणतात. ते पेशीवरच्या ग्राहीला चिकटले की पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू वाढतो. त्यातून तीन कामं होतात. कॅल्शिअमची दारं जास्त उघडतात. टाकी भरणाऱ्या मोटरवरचा एक लगाम सुटतो आणि ती जोरात चालते. आणि ट्रोपोनिन कॅल्शिअमला लवकर सोडतं. म्हणून हृदय जोरात आवळतं आणि झटकन सैलही पडतं. झटकन सैल पडणं महत्त्वाचं, कारण ठोके वाढले की भरायला वेळ कमी उरतो.

या निरोप्या रेणूच्या अभ्यासात महाराष्ट्राचाही वाटा आहे. गुजराती घरांत गरमर नावाच्या झाडाच्या मुळांचं लोणचं घालतात. त्याच्याच कुळातल्या कोलियस फॉर्सकोहली या वनस्पतीपासून मुलुंडच्या होएक्स्ट संशोधन केंद्रात १९७०च्या दशकात फॉर्सकोलीन हा पदार्थ वेगळा काढला गेला. तो पेशीत सायक्लिक एएमपी वाढवतो, असं पुढे दिसून आलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो वापरतात.

ब्रेक म्हणजे ॲसिटिलकोलीन. व्हेगस मज्जातंतूतून ते सुटतं, ठोके ठरवणाऱ्या पेशींना संथ करतं आणि सायक्लिक एएमपी कमी करतं. हा ब्रेक आपण शांत बसलेलो असतानाही हलकासा दाबलेलाच असतो. कुठल्याही मज्जातंतूचा संबंध नसता तर हृदय मिनिटाला सुमारे १०० ठोके देत राहिलं असतं.

१९३४ : प्रश्न मेंदूपर्यंत पोचतो

आता पुन्हा एडिंबऱ्याला जाऊ. ॲसिटिलकोलीन हृदयाला थोपवतं हे कळलेलं होतं. दीक्षितांनी नजर वर, मेंदूकडे वळवली. हेच रसायन मेंदूत काय करतं? आणि मेंदू हृदयाला काय करतो?

१९३४ मध्ये जर्नल ऑफ फिजिऑलॉजी या मान्यवर नियतकालिकात त्यांचे निबंध लागोपाठ आले. एकात ॲसिटिलकोलीनची मेंदूवरची क्रिया आणि मेंदूतलं त्याचं अस्तित्व हा विषय होता. मांजरांवरच्या प्रयोगांत त्यांना दिसलं, की मेंदूतल्या पोकळीत या रसायनाची अगदी थोडी मात्रा सोडली तर झोपेसारखी अवस्था येते. हृदयाजवळ सापडलेलं रसायन मेंदूतही आहे आणि तिथेही काम करतं, याचे पुरावे मांडणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत दीक्षितांचं नाव घ्यावं लागतं. तेव्हा मेंदूच्या पेशी एकमेकींशी रसायनांतून बोलतात की विजेतून, यावर शास्त्रज्ञांत जोरदार वाद होता. तो वाद पुढे कित्येक वर्षं चालला.

दुसरा निबंध आपल्या मुलीच्या प्रश्नाला थेट भिडणारा. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग असतो. भूक, तहान, शरीराचं तापमान, भीतीच्या वेळची शरीराची तयारी, हे सगळं तो सांभाळतो. तिथली केंद्रं चेतवली तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते, हे दीक्षितांनी प्रयोगाने दाखवलं. म्हणजे हृदयात काही दोष नसतानाही हृदय वेडंवाकडं धडधडू शकतं, कारण निरोप वरून आलेला असतो.

त्या मुलीला मी हेच सांगायला हवं होतं. तुझ्या मेंदूने धोका ओळखला. त्याने आधी ब्रेकवरचा पाय उचलला, मग एक्सलेटर दाबला. हृदयाच्या पेशींत कॅल्शिअम जास्त सुटलं. तुझं हृदय बिघडलेलं नाही, ते सांगितलेलं काम करतंय. अर्थात छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, श्वास लागत असेल किंवा धडधड थांबतच नसेल, तर मात्र डॉक्टरांकडे न्यायलाच हवं. तिथे मास्तरकी चालवायची नाही.

प्लेग, पुणे आणि दिल्ली

भारतात परतल्यावर दीक्षितांनी परळच्या हाफकिन संस्थेत काम केलं. १८९७च्या प्लेगची आठवण पुण्याला वेगळी सांगायला नको. त्यानंतर चाळीस वर्षांनीही प्लेगवर खात्रीचं औषध नव्हतं. सल्फा गटातली नवी औषधं आली, तेव्हा ती प्लेगवर चालतात का, हे साहिब सिंग सोखे आणि दीक्षित यांनी तपासलं. त्यांचा निबंध १९४० मध्ये लॅन्सेटमध्ये आला. सूक्ष्म रेणूंचा अभ्यास करणारा माणूस गरज पडली तेव्हा साथीच्या रोगाकडे वळला.

मग १९४६ साल. पुण्याच्या बैरामजी जीजीभाई वैद्यकीय शाळेचं महाविद्यालयात रूपांतर झालं. १८७८ पासून चालत आलेल्या या शाळेत पदवीचं शिक्षण सुरू करायचं होतं. पहिले प्राचार्य म्हणून जबाबदारी आली दीक्षितांवर. वाकडहून पुणे स्टेशनकडे जाताना ससून रुग्णालयाला लागून जे बी. जे. मेडिकल दिसतं, ते हेच. आपल्या भागातल्या कितीतरी डॉक्टरांचं शिक्षण तिथे झालेलं आहे.

त्याच वर्षी भोर समितीने देशासाठी एका मध्यवर्ती वैद्यकीय शिक्षणसंस्थेची शिफारस केली. स्वातंत्र्यानंतर आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांनी ती कल्पना लावून धरली. कोलंबो योजनेतून न्यूझीलंडची आर्थिक मदत मिळाली. १९५२ मध्ये पायाभरणी झाली, १९५६ मध्ये संसदेत कायदा झाला आणि एम्स उभी राहिली. पहिले संचालक झाले डॉ. दीक्षित. १९६४ पर्यंत ते त्या पदावर होते. शिक्षकांनी खासगी प्रॅक्टिस न करता पूर्ण वेळ शिकवावं, रुग्ण तपासावेत आणि संशोधन करावं, अशी या संस्थेची घडण होती. हायपोथॅलॅमस आणि भूक यांचा संबंध दाखवणारे डॉ. बी. के. आनंद तिथे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. १९६५ मध्ये दीक्षितांना पद्मभूषण मिळालं. १९७७ मध्ये त्यांचं निधन झालं.

मला या आयुष्यात एक गोष्ट फार विचार करायला लावते. १९३४ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, हा माणूस जगातल्या एका धगधगत्या प्रश्नाच्या ऐन मध्यावर उभा होता. पुढची वर्षं मात्र वर्ग, प्रयोगशाळा, नेमणुका आणि इमारती उभ्या करण्यात गेली. संशोधक म्हणून त्यांचं नाव मागे पडलं, यात नुकसान आहे का? आहे, असं मला वाटतं. पण एम्सच्या पहिल्या तुकडीपासून आजवर तिथे शिकलेले डॉक्टर मोजायचे कुणाच्या खात्यात? शिक्षकाचं काम असंच असतं. हिशोब दुसऱ्यांच्या वहीत लिहिला जातो.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

- मुलांना मनगटावरची नाडी मोजायला शिकवा. शांत बसून एक मिनिट, मग वीस उठाबशा काढून पुन्हा एक मिनिट. दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवू द्या.
- मग वही मिटायला सांगून अचानक चाचणी जाहीर करा आणि लगेच नाडी मोजायला लावा. चाचणी घेऊ नका बरं का! आकडा का वाढला, कोणी धावलं का, यावर बोलू द्या.
- सावकाश श्वास सोडत असताना नाडी किंचित मंदावते. हा व्हेगसचा ब्रेक. पेपरच्या आधी दोन मिनिटं लांब उच्छ्वास टाकायला सांगा आणि का सांगतोय तेही सांगा.
- दोन मुलांना कंगव्याचे दात एकमेकांत सरकवून ॲक्टिन-मायोसिन दाखवायला लावा. कंगवे आखूड होत नाहीत, एकूण लांबी कमी होते, हे लगेच दिसतं.

शेवटी

पुढच्या वर्षी सराव परीक्षेच्या आदल्या दिवशी मी धडा बाजूला ठेवून हे सगळं मुलांना सांगितलं. टाकी, कॉक, मोटर, ब्रेक, आणि अमरावतीचे दीक्षित. दुसऱ्या दिवशी धडधड कुणाची थांबली नाही. थांबणारही नव्हती. पण एक मुलगा दारातच मला सांगून गेला, की त्याचा कॉक आज जरा जास्तच उघडलाय. सगळा वर्ग हसला. त्या हसण्यानेही दोन-चार ठोके कमी झाले असतील.

पालकहो, मूल छातीवर हात ठेवून काही विचारायला आलं, तर त्याला लगेच गप्प करू नका. दोन मिनिटं थांबा, त्याच्या मनगटावर बोट ठेवा आणि दोघं मिळून ठोके मोजा.